अंमलबजावणी फसली, म्हणजे नेमकं काय फसलं?



एक वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी म्हटलेलं असतं. चहाच्या टपरीवर, रेल्वेच्या डब्यात, टीव्हीवरची चर्चा ऐकताना. ‘योजना चांगली होती हो, पण अंमलबजावणी फसली.’ मीही ते पुष्कळदा म्हटलंय. फार सोयीचं वाक्य आहे. ते उच्चारलं की योजना आखणारा सुटतो, तिच्यावर टाळ्या वाजवणारे आपण सुटतो, आणि दोष जाऊन बसतो कुठल्यातरी तलाठ्याच्या नाहीतर कारकुनाच्या माथी, ज्याचं नावही आपल्याला ठाऊक नसतं.

सार्वजनिक धोरणाचा अभ्यास हा स्वतंत्र विषय म्हणून उभा राहिला त्याला आता पाऊणशे वर्षं होत आली. त्याचा इतिहास सांगायला बसलं की मला तो ह्या एका वाक्याचा इतिहास वाटतो. ते कुठून आलं, कुणी त्याला धक्का दिला आणि तरी ते आपल्या तोंडी का टिकून आहे, हे आज बोलू.

सुरुवात अमेरिकेत, १९५१ साली. हॅरॉल्ड लासवेल आणि डॅनिएल लर्नर यांनी संपादित केलेलं ‘द पॉलिसी सायन्सेस’ हे पुस्तक त्या वर्षी स्टॅनफर्डहून निघालं. काळ लक्षात घ्या. महायुद्ध संपून जेमतेम सहा वर्षं झालेली. युद्धाच्या काळात अर्थतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ असे सगळे सरकारी कचेऱ्यांत जाऊन बसले होते; खुद्द लासवेल युद्धकाळातल्या प्रचाराचा अभ्यास करत होते. मग शांततेच्या काळातही ह्या विद्या एकत्र आणून राज्यकर्त्यांना शहाणे निर्णय घ्यायला मदत का करू नये, हा त्यांचा विचार. त्याला त्यांनी लोकशाहीचं धोरणविज्ञान म्हटलं. हे ‘लोकशाहीचं’ विशेषण जरा ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पुढे १९५६ साली लासवेल यांनी निर्णयाच्या प्रक्रियेचे सात टप्पे मांडले. माहिती गोळा करण्यापासून ते धोरण गुंडाळण्यापर्यंत. पाठ्यपुस्तकांनी त्याचं सोपं रूप केलं: प्रश्न ओळखा, पर्याय मांडा, निर्णय घ्या, अंमलात आणा, मूल्यमापन करा. विद्यार्थ्यांना आजही हेच चक्र फळ्यावर काढून दाखवतात, आणि शिकवायला ते सोपं आहे हे कबूल. पण निर्णय एका चौकटीत आणि अंमल दुसऱ्या चौकटीत, अशी जी रेघ ह्या आकृतीत पडली, तिथेच आपलं वाक्य जन्माला आलं.

पहिली वीसेक वर्षं सगळी भांडणं निर्णयाच्या चौकटीतली. हर्बर्ट सायमन म्हणाले, माणूस सगळे पर्याय तोलून सर्वोत्तम निवडतो हे खरं नाही. त्याची माहिती आणि वेळ दोन्ही तोकडी, म्हणून तो ‘चालण्याजोगं’ मिळालं की थांबतो. चार्ल्स लिंडब्लॉम यांनी १९५९ साली एक लेख लिहिला, त्याचा आशय असा की सरकारं चाचपडतच पुढे जातात, कालच्यात थोडा बदल करून आजचं भागवतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. सुंदर लेख आहे. पण ह्या दोघांच्याही लेखनात साहेबाच्या टेबलावरून फाईल निघून गेल्यावर तिचं काय होतं, हा मुख्य प्रश्न नव्हता.

इथे मला जरा आपल्याकडे यायचंय, कारण पाठ्यपुस्तकं हा भाग गाळतात. लासवेल यांच्या पुस्तकाआधी तीन वर्षं, १९४८ साली, पुण्याच्या गोखले संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांचा एक अहवाल प्रसिद्ध केला. विषय होता गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ. इंग्रज सरकार कालव्याचा हिशेब गुंतवलेल्या भांडवलावर मिळणाऱ्या परताव्यात करत असे. कालव्याने पैसा परत केला का, एवढं बघायचं. गाडगीळांनी विचारलं, पाणी आल्यावर गावात काय झालं? शेतकऱ्याला, मजुराला, व्यापाऱ्याला काय मिळालं? धोरणाचा हिशेब सरकारच्या तिजोरीत करायचा की गावात, हा प्रश्न त्यात आहे.

मग २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच सुमारास नियोजन आयोगाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना उभारली. तिचे सुरुवातीचे संचालक द. गो. कर्वे, तेही पुण्याचे. कार्यक्रम चालवणाऱ्या खात्याच्या हाताखाली ती नव्हती, ही मोठी गोष्ट. तिचे अहवाल मोकळे होते: लाभ सगळीकडे सारखा पोचत नाही, बऱ्या स्थितीतल्या गावांना आणि बऱ्या स्थितीतल्या घरांना जास्त मिळतो, लोकांचा सहभाग बोलण्यापुरता राहतो. १९५७ च्या बळवंतराय मेहता समितीपर्यंत हे सगळं कागदावर आलेलं होतं. फाईलचं पुढे काय होतं, ह्याचा सरकारी खर्चाने आणि देशभर केलेला असा पद्धतशीर शोध त्या काळात इतरत्र फारसा नव्हता. पण आपल्या लोकांनी त्याला सिद्धांताचं नाव दिलं नाही. अहवाल म्हणून लिहिलं, अहवाल म्हणून कपाटात गेलं.

नाव मिळालं ते १९७३ साली. जेफ्री प्रेसमन आणि ॲरन विल्डाव्हस्की यांचं ‘इम्प्लिमेंटेशन’. कॅलिफोर्नियातलं ओकलंड शहर, बेकारी वाढलेली, विशेषतः कृष्णवर्णीय वस्तीत, दंगली उसळतील अशी भीती. १९६६ साली केंद्र सरकारच्या आर्थिक विकास खात्याने जवळजवळ २ कोटी ३० लाख डॉलर जाहीर केले. बंदर वाढवायचं, विमानांचा हँगर बांधायचा, आणि त्यातून तीन हजार नोकऱ्या. विरोध कुणाचाच नव्हता. पैसा मंजूर होता. तीन वर्षांनी पाहिलं तर खर्च झालेली रक्कम किरकोळ, त्यातली बरीचशी एका उड्डाणपुलावर आणि वास्तुविशारदांच्या शुल्कावर गेलेली, आणि बेकारांना मिळालेल्या नोकऱ्या नावापुरत्या.

का? लेखकांनी एक साधा हिशेब मांडला. काम पूर्ण व्हायला तीस ठिकाणी निर्णय लागत होते, आणि सगळे मिळून सत्तर वेळा कुणाची ना कुणाची संमती. समजा दर वेळी होकार मिळण्याची शक्यता शंभरात ऐंशी आहे. चांगली वाटते ना? सत्तर वेळा गुणाकार करा. काम तडीस जाण्याची शक्यता कोटीत एक-दोन उरते. बरं, शंभरात पंच्याण्णव धरा. तरी शेवटी शंभरात तीनसुद्धा नाही. नव्व्याण्णव धरा, म्हणजे बहुतेक सगळे देवमाणसं आहेत असं समजा. तरीही निम्म्याहून किंचित कमीच. मोबाइलवर करून बघा, मीही केलं होतं, कारण पहिल्यांदा वाचलं तेव्हा विश्वास बसला नव्हता.

ह्यात खलनायक कुणीच नाही. सत्तर संमत्या लागतील अशी रचना ज्यांनी केली, त्यांनी निर्णय घेतानाच त्याचं अपयश आखून ठेवलं होतं. म्हणजे रेघेच्या अलीकडचं आणि पलीकडचं वेगळं काढता येत नाही. आपल्या वाक्याला बसलेला हा पहिला मोठा धक्का.

दुसरा आणि माझ्या मते जास्त जोराचा धक्का महाराष्ट्रातल्या एका योजनेच्या अभ्यासातून दिसतो. रोजगार हमी योजना. तुमच्यापैकी जे इंदूर, बडोदा, हैदराबादला वाढले त्यांना २००५ चा राष्ट्रीय कायदा आठवेल. त्याची आधीची पिढी ही.

दुष्काळी कामं आपल्याकडे जुनी. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरच्या मजुरीत कपात सुचवली आणि मुंबई इलाख्यात ती लागू झाली, तेव्हा दख्खनमधले मजूर कामं सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे ठेवली. पण ती कामं सरकारच्या मर्जीवर होती. सरकार म्हणेल तेव्हा दुष्काळ, सरकार उघडेल तिथे काम. वि. स. पागे यांची कल्पना निराळी होती: ‘मागेल त्याला काम’. पागे विधान परिषदेचे सभापती, गांधीवादी, सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात त्यांनी ह्याचा लहान प्रयोग केला होता. तो तसाच लहान राहिला असता.

जॉन किंगडन यांचं १९८४ सालचं पुस्तक इथे उपयोगी पडतं. ते म्हणतात, प्रश्न, उपाय आणि राजकारण हे तीन प्रवाह आपापले वाहत असतात. एखादे वेळी तिन्ही एकत्र येतात, खिडकी उघडते, आणि कुणी तयारीने उभं असेल तर धोरण आत शिरतं. आता बघा. उपाय तासगावात १९६५ पासून तयार. ‘गरिबी हटाव’वर १९७१ ची निवडणूक जिंकलेली, म्हणजे राजकारण तयार. त्याच वर्षी वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरच्या आपल्या निबंधात ग्रामीण सार्वजनिक कामांचाच मार्ग सुचवलेला. आणि मग बहात्तरचा दुष्काळ. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. खडी फोडत, पाझर तलाव खोदत. एवढी माणसं पुन्हा घरी पाठवायची कशी, हा प्रश्न कुठल्याही मुख्यमंत्र्याला पडला असता. १९७२ ला जाहीर झालेली योजना १९७७ ला कायदा झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाली. पैशासाठी १९७५ पासून व्यवसाय कर. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेली रक्कम माणदेशातल्या बंधाऱ्यावर.

ह्या योजनेवर जेवढे अभ्यास झाले तेवढे क्वचितच कुठल्या राज्याच्या योजनेवर झाले असतील. प्रत्येक पिढीने आपला चष्मा तिच्यावर लावून पाहिला. गोखले संस्थेच्या कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी १९८० साली कामावरच्या माणसांना जाऊन विचारलं, आणि दिसलं की तिथे बायकांची संख्या मोठी आहे. योजना आखताना डोळ्यांपुढे जो मजूर होता तो बहुधा धोतरातला होता. १९८३ ला रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी वर्गाच्या नजरेतून विचारलं, की शेतमजुराला हमी देणारी योजना बागायतदारांच्या राज्यात पास कशी होते? त्यांचं उत्तर असं की तलाव, बंधारे, रस्ते ह्यांचा फायदा शेवटी जमीन असणाऱ्याला, आणि मजूर गावात टिकून राहतो हाही. कडू आहे, पण खोडून काढणं सोपं नाही. जॉन एचेव्हेरी-जेंट यांनी १९९३ च्या पुस्तकात दुसरी बाजू दाखवली: हक्क कायद्यात असल्यामुळे मजुरांना मागणी करायला, मोर्चा काढायला, संघटना बांधायला आधार मिळाला. माझा कल ह्यांच्याकडे आहे, पण हेरिंग-एडवर्ड्स वाचल्याशिवाय तो कल भाबडा ठरतो.

आता मुख्य गोष्ट. योजनेची मजुरी शेतमजुरांच्या किमान वेतनाशी बांधलेली होती. १९८८ साली ते किमान वेतन दुप्पट झालं. झालं ते योग्यच झालं. आधीची मजुरी पोटापुरतीही नव्हती. जास्त मजुरी म्हणजे कामावर जास्त माणसं येणार, हे पोरसुद्धा सांगेल. प्रत्यक्षात कामावरची संख्या एकदम घसरली. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी १९९३ च्या लेखात आधीच्या वर्षांच्या आकड्यांवरून अंदाज बांधून पाहिला आणि निष्कर्ष काढला की लोकांना काम नको होतं असं नाही; काम मिळत नव्हतं. हमी राहिली नव्हती, रेशनिंग सुरू झालं होतं.

पण हे रेशनिंग ठरवलं कुणी? कायद्यातलं अक्षर बदललेलं नाही. ‘आजपासून हमी बंद’ असा आदेश नाही. विधिमंडळात ठराव नाही.

उत्तरासाठी मायकेल लिप्स्की यांच्या १९८० च्या पुस्तकाकडे जावं लागतं. ते शिक्षक, पोलीस, कल्याण कार्यालयातले कारकून यांच्याबद्दल लिहितात. लोकांशी समोरासमोर गाठ पडणारी ही माणसं. काम डोंगराएवढं, साधनं तुटपुंजी. दिवस निभावण्यासाठी ते युक्त्या काढतात: कुणाला उद्या ये म्हणायचं, कुणाचा कागद खाली ठेवायचा. लिप्स्की म्हणतात, ह्या युक्त्या हेच नागरिकाच्या वाट्याला येणारं धोरण. मी त्याला ‘खिडकीवरचं सरकार’ म्हणतो.

आता खिडकी बघा. बाई कामाची मागणी घेऊन आलीय. कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. पंधरा दिवस मोजायचे कधीपासून? पोचपावतीवरच्या तारखेपासून. पावतीच दिली नाही तर तारीख नाही, तारीख नाही तर पंधरा दिवस नाहीत, आणि मग भत्ताही नाही. कारकून दुष्ट असेलच असं नाही. नवं काम उघडायला किमान पन्नास मजूर लागतात, चाळीसच आलेत. अभियंत्याने आराखडा दिलेला नाही. मजुरी दुप्पट झालीय, पैसा त्या प्रमाणात वाढलेला नाही. अर्ज घेतला तर गळ्याशी येणार हे त्याला कळतं. म्हणून तो म्हणतो, ‘बाई, पुढल्या आठवड्यात या.’ अशा हजारो ‘पुढल्या आठवड्यां’ची बेरीज म्हणजे महाराष्ट्राचं नवं रोजगार धोरण.

ह्याला अंमलबजावणी फसली म्हणायचं का? वरच्यांना जो निर्णय उघडपणे घ्यायचा नव्हता, तो खिडकीवर घेतला गेला. पैसे न वाढवण्याचा निर्णय मुंबईत झाला आणि ‘नाही’ म्हणण्याची नामुष्की तालुक्याला दिली गेली. तिथे वापरलेलं ‘अंमलबजावणी फसली’ हे वाक्य मला निव्वळ चुकीचं वाटत नाही, अन्यायाचं वाटतं. बाईवर तर आहेच, थोडाफार त्या कारकुनावरही.

शतक बदललं तशी ह्या विषयात नवी लाट आली. औषधाची चाचणी घेतात तशी धोरणाची घ्यायची: चिठ्ठ्या टाकून काही गावांत योजना राबवायची, काहींत नाही, आणि फरक मोजायचा. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळालं ते ह्याच पद्धतीच्या कामासाठी. ह्या पद्धतीवर सरसकट नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. आंध्र प्रदेशात रोजगार हमीची मजुरी बायोमेट्रिक कार्डावर देण्याचा जो मोठा प्रयोग कार्तिक मुरलीधरन, पॉल निहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी तपासला, त्यात मजुरी लवकर हातात पडली आणि गळती कमी झाली हे आकड्यांत दिसलं. मजुरी महिनाभर अडकलेल्या घराला विचारा, ते छोटं नाही.

पण मला त्याहून शिकवून गेला तो फसलेला एक प्रयोग. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात उपकेंद्रावरच्या नर्स बऱ्याचदा गैरहजर असत. बॅनर्जी, डुफ्लो आणि रेचल ग्लेनरस्टर यांनी हे काम २००८ साली प्रसिद्ध केलं. हजेरी शिक्क्याच्या यंत्राने नोंदवायची आणि गैरहजेरीला पगारकपात, अशी व्यवस्था स्थानिक आरोग्य प्रशासनाच्या संमतीने झाली. पहिले सहा महिने हजेरी चांगली वाढली. मग हळूहळू ‘सूट दिलेला दिवस’ ह्या रकान्यात नोंदी वाढू लागल्या. आज बैठक, उद्या सर्वेक्षण, परवा दुसरं काही. सूट देणारे वरिष्ठच. सोळा महिन्यांनी जिथे यंत्र होतं आणि जिथे नव्हतं, दोन्हीकडची हजेरी सारखी. त्यांनी लेखाला नाव दिलं त्याचा आपल्या भाषेतला अर्थ ‘मढ्यावर मलमपट्टी’. चिठ्ठ्या टाकून केलेल्या इतक्या काटेकोर प्रयोगाने शेवटी दाखवलं ते लिप्स्की आणि विल्डाव्हस्की यांनी यंत्राशिवाय सांगितलेलंच. खिडकीमागे दुसरी खिडकी असते.

राजस्थानातच आहोत तर तिथून फार दूर नसलेल्या एका गावी जाऊ. पाली जिल्ह्यातलं कोट किराना. डिसेंबर १९९४. मजदूर किसान शक्ती संघटनेने तिथे पहिली जनसुनवाई भरवली. सार्वजनिक कामांच्या हजेरीपटांतल्या नोंदी मिळवल्या होत्या, आणि त्या गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचल्या गेल्या. अमुक माणूस, अमुक इतके दिवस, अमुक इतकी मजुरी. ज्यांची नावं होती ती माणसं समोर बसलेली. कुणी उठून सांगत होतं, मी त्या कामावर गेलोच नाही. अशा जनसुनवायांत मेलेल्या माणसांची नावंही पटावर निघाली, आणि कागदावर पूर्ण झालेली पण जमिनीवर नसलेली बांधकामंही. पुढे माहितीच्या अधिकाराची चळवळ ह्यातून वाढली, आणि २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या सतराव्या कलमात सामाजिक लेखापरीक्षण आलं.

लासवेल यांना लोकशाहीचं धोरणविज्ञान हवं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे विद्यापीठातले तज्ज्ञ होते. कोट किरानाला धोरणाचा अभ्यास करायला बसले होते ते मजूर. त्यांतल्या बऱ्याच जणांना तो पट स्वतः वाचता येत नव्हता, म्हणून तो मोठ्याने वाचायला लागत होता. प्रत्येक नाव वाचलं की वाचणारा थांबायचा, आणि गर्दीतून आवाज यायचा: हा आला होता, हा नव्हता.